जित्यातले करप्याचे टोमॅटो

तीन माणसं एका खोलीत काही वर्षं काम करतात, तेव्हा त्या कामाचं पुढे काय झालं ते कुणालाच धड सांगता येत नाही. घोटाळे मात्र सगळ्यांना पाठ असतात. आम्ही तिघं अजूनही कुठल्या लग्नात भेटलो की टोमॅटोचा विषय निघतो आणि पानातलं जेवण गार होतं. आता हसतो. तेव्हा रोज वाटायचं, नोकरी आज जाते की उद्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका छोट्या औषध कंपनीची रोह्याला दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. डॉ. सबनीस आमचे साहेब, वनस्पतींच्या रोगांचे डॉक्टर. गणपत गाडी चालवायचा आणि फवारणी करायचा. मी बी.एस्सी. होऊन नुकतीच लागलेली, पेणहून ये-जा करायचे. काम टोमॅटोच्या करप्यावर होतं. हा बुरशीचा रोग. पानावर तपकिरी ठिपका पडतो, वर्तुळात वर्तुळ वाढत जातं आणि झाड वाळतं. माणसासारखे झाडातही हार्मोन असतात. रोग आला की त्यातले काही झाडाला सावध करतात. ते आधीच थोडे फवारले तर झाड करप्याला तोंड देईल का, एवढाच आमचा प्रश्न. प्लॉट पेणजवळच्या जिते गावात, आनंदीमावशी म्हणून एका बाईंच्या शेतात, भात कापून झाल्यावर लावलेला.

पहिला घोटाळा ‘हार्मोन’ या शब्दाचा. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी गावात सगळं खरं खरं सांगितलं. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की हे टोमॅटो खाल्ले तर बाप्यांना दाढी येत नाही. मावशींचा नवरा प्लॉटसाठी ठोकलेल्या खुंट्या उपटायला निघाला. डॉक्टर इतके घाबरले की त्यांनी परत येताना गाडीतच हुकूम काढला, जित्यात हा शब्द उच्चारायचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन मार्ग काढला. आमच्या फवाऱ्यातला हार्मोन म्हणजे सॅलिसिलिक आम्ल, आणि डोकेदुखीची गोळी त्याच घराण्यातली. तेव्हा हे डोकेदुखीच्या गोळीसारखंच औषध आहे, असं त्यांनी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर चारचौघांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांना वाटलं, पटलं. मग टपरीवाल्याने अगदी काळजीने विचारलं, “पन सायेब, टोमॅटोचं डोकं दुखतंय ते तुमाला कलतं कसं?”

प्लॉटमध्ये लावायची रोपं मात्र आम्ही रोह्यालाच बंद खोलीत वाढवत होतो. एका सकाळी दार उघडलं तर सगळ्या रोपांची पानं देठापासून खाली लोंबलेली. माती ओली होती, मुळं पांढरी होती, पानावर ठिपका नव्हता. डॉक्टर खुर्चीत बसले. मुंबईच्या मुख्य कार्यालयाने आधीच कळवलं होतं की हा हंगाम फुकट गेला तर रोह्याच्या खोल्या बंद करू. माझी पहिली नोकरी. घरी काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागले होते.

डॉक्टरांनी दिवसभर खत तपासलं, पाणी तपासलं, रंग दिलेल्या भिंतीसुद्धा हुंगल्या. शेवटी कपाटामागे हात घातला तर केळ्यांचा अख्खा घड. गणपतच्या घरी सत्यनारायण होता, घरात पोरं केळी शिल्लक ठेवत नाहीत म्हणून त्याने घड इथे पिकायला लपवला होता. पिकत्या केळ्यातून इथिलीन वायू सुटतो, तोही हार्मोनच, आणि टोमॅटोची पानं तो अशी खाली पाडतो. गणपत रडवेला झाला. डॉक्टर ओरडले नाहीत. घड अंगणात नेला आणि म्हणाले, खोलीत एक सालसुद्धा राहता कामा नये. आम्ही तिघांनी उभ्याउभ्या खाता येतील तेवढी केळी खाल्ली आणि उरलेली गणपत घेऊन गेला. रोपं हळूहळू सावरली, मग ती जित्याला नेऊन लावली. त्यानंतर मात्र डॉक्टर रोज दारात आमचे जेवणाचे डबे उघडून बघायचे.

सगळ्यात वाईट दिवस रोग लावायचा. झाड रोगाला तोंड देतं की नाही हे पाहायचं तर त्याला रोग द्यावा लागतो. बुरशी आम्ही बाटलीत वाढवली होती, ती पाण्यात कालवून गणपत फवारणार होता. काही ओळींना आधी हार्मोन मिळालेला, काहींना नुसतं पाणी. झाडं कमरेएवढी, फुलावर आलेली. आनंदीमावशी बांधावर बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “चांगल्या झाडांना रोग लावनार?”

डॉक्टर हो म्हणाले. मावशी उठल्या, शेताकडे पाठ करून बसल्या, आणि फवारणी संपेपर्यंत वळल्या नाहीत.

मग धुकं पडलं. खाडीवरून येणारं ते धुकं करप्याला फार मानवतं. आम्ही रोज पानं उलटून बघायचो. नुसत्या पाण्याच्या ओळींवर ठिपके दिसले आणि भराभर वाढले. हार्मोनच्या ओळींवर कमी होते. ज्या ओळीला डोस जास्त झाला होता तिथे मात्र पानांच्या कडाच जळल्या. डॉक्टरांना पहिल्यांदा जरा हायसं वाटलं, आणि त्याच आठवड्यात पाण्याच्या एका ओळीवर राख दिसली. अख्ख्या ओळीवर, पानापानावर, चुलीतली राख. ती ओळ तुलनेसाठी तशीच ठेवायची होती, आता ती मोजण्यातून बाद.

कुणी केलं म्हणून डॉक्टरांनी गणपतला विचारलं, मला विचारलं. मावशी घरातून बाहेर आल्या. “मी टाकली,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांना तुमी औषध दिलंत. यांना कोन देनार?”

डॉक्टर त्या ओळीपाशी गेले. त्यांनी त्या ओळीची पाटी काढली आणि ती ओळ मावशींना देऊन टाकली.

त्याच्यानंतर फवारणीच्या पंपाचं झालं. एका कोपऱ्यातले शेंडे पिळवटले, नवी पानं दोऱ्यासारखी बारीक आली. डॉक्टरांना वाटलं विषाणू, आता सगळा प्लॉट जाणार. त्या दिवशी त्यांनी दोन घासही खाल्ले नाहीत. मग कळलं की गणपतने आमचा पंप शेजारच्या उन्हाळी भाताला तणनाशक मारायला दिला होता आणि तसाच, न धुता, परत आणून वापरला. डॉक्टर स्वतःचाच हुकूम विसरून शेजाऱ्याला समजावत होते की ते तणनाशकही एक प्रकारचा हार्मोनच, म्हणून झाडं अशी वेडीवाकडी झाली. शेजारी म्हणाला, “मंग बरंच झालं की. कंपनीचा एक हार्मोन आनि माझा एक.”

आणि सुरेखाची गोष्ट. सुरेखा म्हणजे मावशींची सून, पोटुशी होती. मावशींना दिलेली ती एक ओळ सोडली तर प्लॉटवरचं फळ कुणी खायचं नाही, हा आमचा पक्का नियम. बाकी सगळी फळं मोजून खड्ड्यात पुरायची. एक दिवस मावशी सहज बोलून गेल्या की सुरेखाने एक टोमॅटो मीठ लावून खाल्ला, डोहाळेच तसे.

डॉक्टरांच्या हातातली पिशवी खाली पडली. बाकी सगळं साधं होतं, पण एका ओळीवर मुख्य कार्यालयातून आलेलं नवं औषध होतं, बाटलीवर नुसता नंबर. कुठल्या ओळीतला खाल्लास, असं त्यांनी सुरेखाला विचारलं. तिला आठवत नव्हतं. लाल दिसला, तोडला.

पेणला जाऊन आम्ही एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावला. तिकडून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, पण कुठे बोलू नका. त्याने आम्ही जास्तच घाबरलो. डॉक्टर स्वतः सुरेखाला पेणच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, एका फळाने काही होईल असं वाटत नाही, पण लक्ष ठेवू.

हंगाम संपला, प्लॉट उपटला, तरी डॉक्टर दर आठवड्याला जित्याला उतरत राहिले. कधी मातीचा नमुना हवा म्हणून, कधी राहिलेली दोरी न्यायची म्हणून. दारातूनच विचारायचे, सूनबाई बरी आहे ना. मला ते एकदा गाडीत म्हणाले, “हिला काही झालं तर मी हे काम सोडणार.” त्यांना त्याच्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

उन्हाळ्यात पेणच्या दवाखान्यात मुलगी झाली. आम्ही तिघं गेलो. डॉक्टर दाराशीच थांबले. सुरेखाने बोलावलं तेव्हा नळावर जाऊन दोनदा हात धुऊन आले. बाळ घेतलं आणि उजेडाकडे नेलं. बोटं पाहिली, नखं पाहिली, कानांमागे पाहिलं, पावलं उलटून तळवे पाहिले. पोरगी गुलाबी, टणटणीत, रडून खोली डोक्यावर घेत होती. डॉक्टरांचे डोळे भरून आले. एका फळाने काय होतंय, असं ते स्वतःशीच दोनतीनदा म्हणाले.

सुरेखा खाटेवरून बघत होती. मावशी पाणी आणायला बाहेर गेल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, “सायेब, एक नाय. मी रोज खायची. सगल्या ओळींतले खाल्ले. तुमी एका टोमॅटोलाच येवढे घाबरलात, मंग मी बोललेच नाय.”