पहिली ओळ आईची

सोनगीरजवळ हायवेला लागून एक छोटं चर्च आहे. दोन-तीन घरांची माणसं बसली की भरतं. ज्या गुरुजींनी नाताळचं आम्हा सगळ्यांचं आवडतं गीत अहिराणीत आणलं, त्यांच्या स्मरणार्थ ते बांधलेलं. गुरुजींच्या तोंडून गीत शिकलेल्यांपैकी सर्वांत थोरल्यानं पहिली ओळ एकट्यानं म्हणायची, मग बाकीच्यांनी उचलायची, हा तिथला रिवाज. शिकलेल्यांत आता फक्त माझी आई उरलीय.

यंदा धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलं. तिचं एकच मागणं होतं, ती ओळ.

आणि कमिटीनं कीबोर्डवाली गायक मंडळी ठरवली होती.

मी जळगावात जुन्या सागवानी दारांचा धंदा करतो. चर्चचं दारही मीच दिलेलं. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी कमिटीपुढे बसलो.

"अक्कांचा सूर आता लागत नाही, भाऊ," कमिटीचे नाना म्हणाले. "रेकॉर्डिंग आहे. शेवटचं कडवं त्यांना देतो."

"उरलंसुरलं नको. कीबोर्डला गुरुजींनी शिकवलं होतं का? पहिली ओळ द्या, नाहीतर दार उतरवून नेतो."

"न्या. आम्ही पडदा लावू."

मी उठलो. सौदा अडला की उठायचं, चपला सावकाश घालायच्या. समोरचा पायरीवर हाक मारतोच. याच्यावर मी शून्यातून उभा राहिलो. चपला घातल्या. पट्टा पुन्हा सोडून लावला. आत खुर्च्या सरकल्या, कुणीतरी चहाचं विचारलं. हाक आली नाही. आपण होऊन मी कधी कुठल्या दारात परत गेलेलो नाही. त्याही दिवशी गेलो नाही.

तरी दुसऱ्या दिवशी आईला गाडीत घालून नेलं. दारासमोर गाडी लावली. तिला बघून तरी कुणी बाहेर येईल, असं वाटत होतं. दोघंतिघं गाडीकडे बघत आत गेले. मग दार लागलं. माझंच दार.

आईला कानाशी बोललं तरच ऐकू येतं. आत शेवटचं कडवं चाललं होतं, तेव्हा तिनं घसा साफ केला, पदर नीट केला.

"बठ्ठा उनात का रे?" सगळे आले का, असं ती विचारत होती.

मी तिच्या कानाशी वाकलो. "येई ऱ्हायनात."

"मंग थांबूत," ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली. "मनाबिगर कसं सुरू करतीन."