डॉक्टरीणबाईंचा अंगठा

तव्यावर हिरवी मिरची भाजली की मला भंडाऱ्याच्या दवाखान्यातला तो अंगठा आठवतो. बायकोचं तोंड चार महिने आतून सोललेलं होतं, मऊ भातही जळजळायचा, ती नुसत्या पेजेवर होती. मी तिलाच म्हणायचो, "लपून खर्रा खाऊन राहिली तू." एकदा तर तिची पेटी उपसून तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी शोधली. ती कशीबशी बोलली, "पन्नी तुमच्या खिशात हाये जी, माह्या पेटीत काहून पाहता?" शेवटी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आमच्या पोरीच्या वयाची बाई. तिने तोंडात टॉर्च मारला, मग बायकोच्या पाठीवर अंगठा ठेवून, आम्ही खर्रा घोटतो तसा, जरासा घासला. आणि चांगलं दिसणारं कातडं उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सरकलं. बाई म्हणाली, "बाबा, हे खर्ऱ्याचं नाही. यांचं शरीर स्वतःच्याच कातडीला परकं समजतंय. फार थोड्यांना होतं. तुकडा नागपूरला तपासायला पाठवू, गोळ्यांनी आवरेल." रिपोर्टात तेच निघालं. गोळ्यांवर दोन-तीन महिन्यांनी तिने मिरचीचा ठेचा खाल्ला आणि डोळे पुसत हसली, "नुसता तिखट लागते जी, जळत नाही!" चूक झाली असं मी तिला तोंडाने कधी म्हटलं नाही, माझ्या खिशातली पन्नी तेवढी तपासणीच्या दिवशीच दवाखान्याबाहेरच्या नालीत टाकली होती, ती पुन्हा घेतली नाही. औंदा ती छातीच्या दुखण्याने गेली. आता ठेचा मीच कुटतो, आणि कुटता कुटता आपल्या अंगठ्याकडे पाहत राहतो. जन्मभर तिच्यासोबत राहून मला जे कळलं नाही, ते त्या पोरीला एवढ्याशा अंगठ्याने कळलं.