आप्पांना सांगितलेली चव

सिरसाळ्याच्या स्टँडवर औरंगाबादची एसटी लागली. आप्पांनी माझी पेटी टपावर चढवून घेतली, खाली आले आणि सगळ्यांसमोर माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडून गळ्यात बोट घातलं. लिंगाचा दोरा आहे की नाही ते त्यांना बघायचं होतं. मी तेवीस वर्षांचा, एमएस्सी झालेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोरा बोटाला लागला तसं त्यांनी बटण परत लावलं आणि म्हणाले, "हे अंगावरनं उतरवायचं न्हाई. बाकी तू शाना हायस." आईनं दशम्यांचं फडकं खिडकीतून आत दिलं. गाडी हलायच्या आधीच आप्पा दुकानाकडे चालायला लागले होते. बाजारचा दिवस होता, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षा होते, इष्टलिंग गळ्यात येतं आणि माणूस पुरला जातो तेव्हाही ते सोबत असतं. रोज अंघोळ करून ते तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच तोंडात घास. दारूचा विषय आमच्या घरात वाईट म्हणूनसुद्धा निघत नसे. आणि माझ्या खिशात त्या दिवशी जे नोकरीचं पत्र होतं, ते बिअरच्या कारखान्याचं होतं.

घरी मी सांगितलं होतं, सातूच्या कंपनीत लागलो. अगदीच थाप नव्हती ती. बिअर सातूचीच होते, गोदामात सातूचीच पोती होती. आप्पा खूश झाले. धान्याच्या व्यापाऱ्याचं पोर धान्यातच राहिलं म्हणून दुकानात येईल त्याला सांगायचे, "पोरगं सातूत हाय." एकदा तर त्यांनी माझ्या हाती ज्वारीचा नमुना पाठवला. "सायबाला दाखव. सातू म्हाग पडत आसंल तर आपली ज्वारी चालतिया का इचार." तो नमुना मी औरंगाबादला नेला आणि खोलीवर चिमण्यांना घातला. त्याचं आजही वाईट वाटतं.

तो काळच तसा होता. एमआयडीसीत महिन्याला नवी पाटी लागायची, परदेशी कंपन्यांची माणसं टाय लावून फिरायची, आमच्या गावातसुद्धा एसटीडीचा पिवळा बूथ आला होता. जो तो कुठेतरी निघाला होता. मागे राहिलेल्यांना वाटतं आम्ही धावत सुटलो. माझ्यासारख्या निघून आलेल्यांना ठाऊक आहे, निम्मा वेळ नुसता अवघडून बसण्यात गेला.

नोकरी मिळाली ती डिग्रीवर कमी, जिभेवर जास्त. ती जीभ आप्पांच्या दुकानात तयार झाली. ते पोत्यात लोखंडी नळी खुपसून नमुना काढायचे, चार दाणे तोंडात टाकायचे, डोळे मिटून चावायचे आणि पायरीबाहेर थुंकायचे. मग एकच शब्द. उबट. खवट. गोडीला हाय. शेतकरी समोर कितीही गयावया करो, तो शब्द बदलत नसे. आणि माल चांगला असेल तर भाव पाडायला ते नाव ठेवत नसत. मी सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून चावत आलो होतो. त्यांचा एक दंडक होता: चाखायचा माल गिळायचा नाही. गिळला म्हणजे घेतला.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत सकाळी अकराला चाखणं असायचं. सहा ग्लास, सहा कागद. पहिल्या दिवशी मी घोट घेतला आणि सिंकमध्ये थुंकलो, तर सगळे हसले. बिअर थुंकायची नसते. तिचा कडूपणा जिभेच्या मुळाशी कळतो, घशाखाली गेल्याशिवाय पत्ता लागत नाही. मी गिळली. दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच खूळ डोक्यात शिरलं. देवाला दारूचा विटाळ नको म्हणून चाखायच्या आधी मी गळ्यातलं लिंग काढून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लागलो आणि संपलं की परत घालायला लागलो. आपण फार सांभाळून वागतोय असं मला खरंच वाटायचं. आमच्यात लिंग अंगावेगळं करण्याइतका मोठा दोष दुसरा नाही, हे मला पाठ होतं. एक छोटं पाप झाकायला मी रोज मोठं करत होतो.

कंपनीनं पुढे मला सहा महिन्यांसाठी इंग्लंडला धाडलं आणि मी तिकडेच एका छोट्या कारखान्यात चिकटलो. लीड्सजवळचं गाव, कायम ओलं. कारखान्यात आम्ही पाच जण. मुख्य ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, बिल नावाचा म्हातारा होता, कमी बोलणारा, हात कायम कोमट. पहिल्या संध्याकाळी तो मला पबमध्ये घेऊन गेला आणि त्यांची सेशन एल समोर ठेवली. सेशन म्हणजे बैठक, एल हा बिअरचाच एक प्रकार. लांबलचक बसायला बरी अशी कमी नशेची बिअर. एक घोट घेतला आणि मनात म्हटलं, हे तर पाणी. औरंगाबादला लोक दोन बाटल्यांत आडवं व्हायला प्यायचे. इथे तीन म्हातारे दुपारपासून त्याच एका रंगाचे ग्लास घेऊन बसलेले, कोणाचा आवाजसुद्धा चढलेला नाही. मला ते सगळंच मिळमिळीत वाटलं, गावासकट.

आवडायला दोन वर्षं लागली. एका पावसाळी शुक्रवारी फार दमलो होतो, कोट न काढता बसलो आणि पहिल्यांदा काही न लिहिता तो ग्लास प्यालो. हॉप्स म्हणून एका वेलीची हिरवी फुलं त्यात घालतात, कडूपणा आणि वास त्यांचाच. त्या दिवशी तो वास नाकात भरला आणि मला एकदम वाटलं, हे आप्पांना सांगायला पाहिजे. पोत्यातून असा नमुना निघाला असता तर त्यांनी कोणता शब्द वापरला असता? मी बराच वेळ तो शब्द शोधत राहिलो. ज्या एका माणसाला ही चव मी बरोबर सांगू शकलो असतो, त्यालाच ती सांगायची सोय मी ठेवली नव्हती. इंग्लंडमध्ये लिंग कपाटात असायचं. सुट्टीला निघालो की मुंबईच्या विमानतळावर, संडासात शिरून गळ्यात घालायचो.

त्या शुक्रवारानंतरच्या सुट्टीला मी माघात गावी आलो होतो. करडईचा नवा माल दुकानात आला होता. आप्पांनी नेहमीसारखे चार दाणे माझ्या हातावर ठेवले. मी चावले, डोळे मिटले, म्हणालो, "तेलाला चांगली हाय, पर थोडी वल राह्यलीय." आप्पांनी मान डोलावली नाही. ते माझ्या गळ्याकडे बघत होते.

"गिळलास कावून?"

मला कळलंच नाही. सात वर्षांची सवय. दाणे घशाखाली गेले होते.

"सातू गिळून बघतेत व्हय तुमच्यात?" त्यांनी विचारलं. आवाज साधाच होता. "धान्य गिळून कुनी बघत न्हाई, मन्मथ. काय चाखतोस तू?"

दुकानात हमालसुद्धा नव्हता. मी सांगून टाकलं. बिअर म्हटलं, मग त्यांना नीट कळावं म्हणून दारू म्हटलं. आणि एकदा तोंड सुटलंच आहे तर, स्वतःची बाजू चांगली दिसावी म्हणून, हेही सांगितलं की आप्पा, मी देवाला शिवू दिली नाही, चाखायच्या आधी लिंग उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवत होतो.

तोपर्यंत ते बसून होते. ते ऐकून उभे राहिले.

"दारूत नोकरी धरलीस ते तुझं तू बघ. लिंग उतरवलंस? त्याला ड्रावरातनं दिसत न्हाई व्हय? आरं, चाखायचं तर गळ्यात ठिवून चाखायचं, त्याच्या देखत. आन उतरवूनच ठिवायचं हुतं तर इथं कुनाला दाखवायला घालून येतोस?"

तेव्हापासून लिंग माझ्या अंगावरून उतरलेलं नाही, एवढंच.

पुढचे दोन दिवस आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे जेवले नाहीत माझ्यासोबत. आमच्याकडे बाप-लेक शेजारी बसून पूजा करतात आणि तिथेच ताटं येतात. आप्पा पहाटेच पूजा उरकून दुकानात जायचे, माझं ताट आई एकटंच मांडायची. ती काही विचारत नव्हती, फक्त भाजी दोनदा वाढायची. असंच परत जावं लागणार आणि पुढच्या वेळीही हेच एकटं ताट असणार, हे मला दिसत होतं. नोकरी सोडतो म्हणावं, असंही मनात आलं. पण ते पुन्हा खोटंच झालं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. बॅग ओसरीवर काढून ठेवली. आप्पा दुकानातून लवकर आले, भिंतीला टेकून बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कसा लागतोय त्यो माल?"

मी बॅगेची चेन उगाच उघडली, परत लावली.

"सांग की. इतकी वर्षं चाखतोस. सांगता येत न्हाई व्हय?"

मग मी बसलो आणि त्यांना ती सेशन एल सांगितली. म्हणालो, आप्पा, रंग आपल्या करडीच्या तेलावानी, पर पान्यासारखं पातळ. वर बारीक पांढरा फेस, ग्लासाला चिकटून खाली उतरतोय. वास पयला लिंबाच्या सालीचा, नखानं खरवडल्यावानी. मागनं कापलेल्या कडवळाच्या चाऱ्याचा, हिरवा. तोंडात घेतलं की एवढीशी गोडी, हुरडा जून झाल्यावर ऱ्हाती तेवढी. ती जातीय लगीच. मग कडू. कारल्याचं न्हाई, मेथीच्या कवळ्या पानाचं. आन शेवटाला तोंड कोरडं पडतंय, म्हून मानूस दुसरा घोट घेतंय.

त्यांनी डोळे मिटले होते. जबडा हळूच हलत होता. काही नसताना ते चावत होते.

"उबट?" त्यांनी विचारलं.

"जुनी झाली तर. वल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. मग आमी वतून देतो, इकत न्हाई."

"नशा?"

"लई कमी. चार तास बसलं तरी मानूस सरळ चालत घरी जातंय."

"मग पेतेत कावून?"

"नुसतं बसायला, आप्पा. तुमच्या पायरीवर मानसं येऊन बसतेत तसं."

त्यांचा जबडा थांबला. मग डोळे उघडले आणि दुकानात म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "माल चोख हाय. मला चालनार न्हाई, माझ्या उंबऱ्याच्या आत येनार न्हाई. पर चोख हाय. चोख मालाचं नाव बदलून सांगितलंस कावून मला?"

उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही. आत वळून आईला म्हणाले, "दोन ताटं वाढ. त्याची गाडी हाय."

आम्ही जेवलो. पिठलं होतं, भाकरी होती. माझी भाकरी संपली तेव्हा आप्पांनी त्यांच्या ताटातली अर्धी मोडून माझ्या ताटात टाकली.

पुढल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आता माझंही वय झालं, जीभ मंदावली आहे, कारखान्यातली पोरं भीड म्हणून मला अजून चाखायला बोलावतात. मी खूप दमलोय, त्यामुळे कोणाला काही शिकवायला हे लिहीत नाही. हिशोब लागत नाही तो एवढाच, की सात वर्षं मी ज्याची धास्ती घेतली, ते सांगायला अर्धा तास पुरला. त्या सात वर्षांत सिरसाळ्याला येऊन जेवढ्या वेळा जेवलो तेवढ्या वेळा मी चोरून जेवलो, आणि ती चोरी मला कोणी करायला लावली नव्हती. गाव अजून आहे, दुकान आता दुसऱ्याचं आहे. घर म्हणाल तर माझ्याकडे तेवढंच आहे, त्या एका दुपारच्या जेवणाएवढं.