धाकट्या आजीची कंपनी

धाकटी आजी खरंच गुन्हेगार आहे का, असं तुमच्यापैकी थोरल्याने परवा फोनवर विचारलं. तुमच्या आईने लगेच विषय बदलला. मी बदलत नाही. तुम्ही आता मोठे आहात, आणि आपल्या घरात काय घडलं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

धाकटी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी लग्न होऊन बेंगळुरूला आलो, कारण तुमचे आजोबा आणि त्यांचे भाऊ दोघेही इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. ती घरात राहिली. तिचा नवरा पन्नाशीच्या आतच गेला आणि त्यानंतर आपल्या मराठी मंडळींत तिचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती कैरीची डाळ वाटायची, पन्हं करायची आणि बायका यायला लागल्या की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. तिला तसं कुणी सांगत नसे. ‘बाहेर ये’ असंही कुणी म्हणत नसे.

तिच्या मुलाने वडिलांच्या फंडाच्या पैशातून चामराजपेटेत पंपाचे सुटे भाग बनवणारं वर्कशॉप काढलं. पुढे त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, तेव्हा संचालक म्हणून आपल्या सासऱ्यांचं आणि आईचं नाव घातलं. स्वतः कागदावर नुसता सल्लागार. त्याच वर्षी दसऱ्याच्या आयुधपूजेला त्याने सगळ्या कामगारांसमोर कुंकवाची वाटी आईच्या हातात दिली आणि म्हणाला, “मालकीणबाई, मशीनला कुंकू तुम्ही लावायचं.”

पहिल्या लेथवर तिने एवढं कुंकू लावलं की ते खाली ओघळलं. मग ती एकेक मशीन करत पुढे गेली. कामगार बायका तिच्या पाया पडल्या. घरी येताना रिक्षात ती माझा हात धरून बसली होती आणि मीही त्या मुलाचं मनापासून कौतुक केलं. सगळ्यांनीच केलं. विधवा आईला मान देणारा मुलगा म्हणून मराठी मंडळाच्या पुढच्या गणपतीत त्याचा नारळ देऊन सत्कारही झाला.

त्या दिवसापासून तो ज्या कागदावर बोट ठेवील तिथे ती सही करायची. फोनवर बँकेचे ओटीपीचे आकडे आले की त्याला वाचून दाखवायची. कशासाठी, हे तिने कधी विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, निदान वाचून तरी बघ. ती म्हणाली, वाचायचं काम तुमचं, तुम्ही मास्तरीण.

मग करोना आला. वर्कशॉप बंद झालं. सरकारने छोट्या धंद्यांसाठी तातडीचं कर्ज देऊ केलं होतं. तारण काही नाही, हमी सरकारची. धंदा तगावा आणि कामगारांचा पगार चालू राहावा म्हणून ते होतं. आपल्या कंपनीलाही मिळालं. अर्जावर सही आजीची होती. दुसरे संचालक, म्हणजे त्याचे सासरे, त्याच साथीत गेले होते. आता कंपनीत कागदोपत्री ती एकटीच उरली होती, आणि मुलाने दुसरं कुणी नेमण्याची घाई केली नाही.

कामगारांना त्याने सांगितलं की बँकेने अर्ज फेटाळला. आईला सांगितलं की कामगारांचे पगार केव्हाच दिले. आणि शहराबाहेर येलहंकाला एक प्लॉट घेतला, त्यावर उभी करायला मोठी पांढरी गाडी घेतली.

दसरा आला. वर्कशॉपला कुलूप होतं, म्हणून त्या वर्षी पूजा येलहंकाला, नव्या गाडीची, असं ठरलं. घरच्याघरीच उरकायची होती. पण आजीला ते पटेना. पूजा संपली की कोहळा फोडतात तो वर्कशॉपमधल्या सर्वांत जुन्या माणसाच्या हातून, हा तिथला रिवाज. आणि कामगारांना चुरमुऱ्या-डाळ्याचा पुडा मालकिणीने स्वतः द्यायचा. तो दिला नाही तर ती मालकीण कसली? तिने मुलाला न विचारता सगळ्यांना फोन केले. पत्ता सांगितला. बसचे नंबरही सांगितले.

ते आले. तोंडाला रुमाल बांधून, मुलांना घेऊन, इथल्या शिवाजीनगरला बस बदलून आले. गेल्या दसऱ्याला दिसले होते त्यापेक्षा सगळे वाळलेले होते. प्लॉटला तारेचं कुंपण होतं, गाडीला झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. आजी नव्या साडीत, कुंकवाची वाटी घेऊन उभी. मुलाचा चेहरा पाहून मला कळलं की काहीतरी भलतंच झालं आहे. तिला कळलं नाही. ती प्रत्येकाला हाक मारत होती, घरचं विचारत होती.

पॅकिंगला एक बाई होती, जुनी, तिला सगळे अक्का म्हणत. तिने गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. बॉनेटवर हात फिरवला. मग आजीला कन्नडमध्ये म्हणाली, “गाडी फार छान आहे, अम्मा. आमचा पगार हिच्या डिकीत आहे की इंजिनात?”

कुणीतरी हसलं. आजीही हसली, तिला थट्टा वाटली. तिने अक्काच्या हातात पुडा दिला. अक्काने तो उघडला, चुरमुरे नव्या गाडीच्या टपावर ओतले आणि रिकामा कागद घडी करून परत दिला. कोहळा कुणी फोडला नाही. मुलगा आईला सगळ्यांदेखत म्हणाला, “तुला अक्कल कधी येणार आहे? स्वयंपाकघरात होतीस तीच बरी होतीस.”

ती गाडीत जाऊन बसली. सबंध रस्ता तिने खिडकीबाहेर पाहिलं.

अक्का आणि बाकीचे बँकेत गेले. बँकेने कागद मागवले. पगार दिल्याचे दाखले खोटे निघाले, पैसे प्लॉटच्या मालकाकडे आणि गाडीच्या शोरूमला गेलेले निघाले. सगळीकडे सही एकच. प्रकरण पोलिसांच्या आर्थिक गुन्ह्यांच्या विभागाकडे गेलं.

तेव्हा तो मुलगा माझ्याकडे आला. नमस्कार केला, चहा घेतला. म्हणाला, “काकू, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. आईकडून जरा पाठ करून घ्या. सगळे निर्णय तिनेच घेतले, एवढंच बोलायचं आहे. तिच्या वयाच्या बाईला कोण आत टाकणार? मला टाकतील.”

मी त्याला दार दाखवलं. संध्याकाळी तिच्याकडे गेले आणि सरळ सांगितलं, खरं बोल. कर्ज कशाचं, पैसे कुठे गेले, तुला यातलं काही माहीत नव्हतं. वकील मी बघते. नाही बोललीस तर शिक्षा तुला होईल, त्याला नाही.

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तुमची मुलं तुम्हाला विचारत नाहीत, ताई. सातासमुद्रापलीकडून फोटो पाठवतात. माझा येतो, माझ्यापाशी बसतो, मला शिकवतो. रोज येतो आता.” मग पाठ केलेलं तिने मला म्हणून दाखवलं, न अडखळता, आणि विचारलं, “बरोबर येतंय ना?”

तुम्हाला ते फोटो पाठवण्याचं वाक्य लागेल हे मला माहीत आहे. मला लागलं. तिला ते लागावं असंच वाटत होतं.

चौकशीच्या दिवशी तिच्याबरोबर मीच गेले. तिला बाहेरच्या बाकावर बसवून आधी मुलाला आत बोलावलं. दार उघडंच होतं. साहेबाने विचारलं, कर्जाचं कुणी ठरवलं? त्याने क्षणभरही न थांबता, चांगल्या कन्नडमध्ये सांगितलं की कंपनी आईची, तो नुसता सल्ला द्यायचा. कामगारांचे पगार द्या म्हणून तो तिच्या मागे लागला होता, पण तिला गाडी हवी होती. म्हणाला, “काय करणार, सर? घरात तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.”

साहेबाने दारातून तिच्याकडे पाहिलं. किती तिरस्कार होता त्या नजरेत. वाळलेल्या कामगारांचे जबाब त्याने आधीच घेतले होते.

मी तिचा दंड धरला. म्हटलं, अजून वेळ आहे, आत जा आणि खरं सांग. तिने माझा हात सोडवला, पदर नीट केला. तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

“ऐकलंत, ताई?” ती म्हणाली. “माझ्यापुढे कुणाचं चालत नाही म्हणाला. सगळ्या ऑफिसदेखत.”

मग तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली.