धाकटीचं ‘बुडाला’

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मॅट्रिकला गणितात आपटून मी कडावला भावाच्या घरी राहत होते. भाऊ सायकलने कर्जतला कामाला जाई, वहिनी शेतावर. त्यांच्या दोन मुली, थोरली पाच वर्षांची आणि धाकटी अडीच, दिवसभर माझ्या ताब्यात.

धाकटी उशिरा बोलायला लागली. एका संध्याकाळी अंगणात तिला कडेवर घेऊन मी म्हटलं, “बघ, सूर्य बुडाला.” तो शब्द तिने उचलला. मग चंद्र ढगाआड गेला की बुडाला, चिंचोका तांदळात पडला की बुडाला, मांजर कणगीमागे गेलं की तेही बुडालं. पाण्याचा काही संबंध नव्हता. समोर होतं ते दिसेनासं झालं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मला मोठी मौज वाटायची.

एका सकाळी भावाची सायकल वळणाआड गेली आणि ती टाळ्या वाजवून ओरडली, “बा बुडाला!”

वहिनीने तिला फाडकन ठेवून दिली. “जित्या माणसाला बुडाला म्हणतेस? परत बोलशील?”

“वयनी, तिला तसं नाय म्हणायचं.”

“तुमीच शिकवलंय, वन्सं. आता तुमीच इसरायला लावा.”

त्यानंतर वहिनी समोर असली की पोर तो शब्द ओठांतच दाबून धरी.

भाताची झोडणी संपून पेंढा गोठ्यात रचला, त्याच आठवड्यात हे घडलं. वहिनी खळ्यावर भात वारवत होती. मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते. दोघी परसात खेळत होत्या. थोड्या वेळाने धाकटी एकटीच आत आली आणि माझ्या पाठीला टेकून उभी राहिली.

“ताई कुठाय गं?”

तिने आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, “ताई बुडाली.”

मला सगळं माहीत होतं. सूर्य, चिंचोका, मांजर, सगळं. तरी त्या क्षणी मला फक्त परसातली विहीर दिसली. पिठाच्या हातांनीच मी धावले. काठावर ओणवी होऊन हाका मारल्या. पाणी काळं, गप्प. माझी किंकाळी ऐकून शेजारचे दोघे धावत आले. एकाने गळ टाकला, दुसरा कपडे न काढताच पायऱ्या उतरला. तो बुडी मारी, वर येई, मान हलवी. तेवढ्यात खळ्यावरून वहिनी आली. ती रडली नाही. तिने धाकटीला दंडाला धरून गदागदा हलवलं.

“कुठं बुडाली? सांग! हितंच ना? बोल गं!”

पोरीने ओठ घट्ट मिटले. तिच्या गालाकडे पाहिलं आणि मला त्या सकाळची थप्पड आठवली. ती घाबरली होती, पण विहिरीकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. एकदाही नाही.

मी तिला वहिनीच्या हातातून ओढून घेतलं आणि बाजूला नेलं. हातातली बांगडी काढून मी पदराखाली लपवली.

“बांगडी काय झाली?”

तिने मान वळवून वहिनीकडे पाहिलं.

“बुडाली ना? म्हण तू. कोण मारत नाय.”

“बुडाली,” ती पुटपुटली.

“आणि ताई? ताई कुठं बुडाली, मला दाखव.”

ती वळली आणि सरळ गोठ्याकडे चालू लागली. भिंतीशी रचलेल्या पेंढ्याकडे तिने बोट केलं. वरच्या पेंढ्या घसरून भिंतीलगतच्या फटीत पडल्या होत्या. मी हाक मारली. पुन्हा मारली, तेव्हा आतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला.

“वयनी, हिकडं! पोर हितं हाय!”

मग किती हातांनी पेंढ्या उपसल्या कुणास ठाऊक. थोरली डोकं खाली, पाय वर अशी अडकली होती. ओठ निळसर, तोंडात भुसकट. बाहेर काढल्यावर ती खोकली आणि ओकली. वहिनी तिला छातीशी धरून तिथेच शेणात बसली.

विहिरीत उतरलेला माणूस ओल्या कपड्यांनी दारात उभा राहून थरथरत होता. त्याला चहा द्यायचं भान कुणाला नव्हतं, ते बऱ्याच वेळाने मला आलं. चुलीवरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

भाऊ घरी आल्यावर वहिनीनेच त्याला सगळं सांगितलं. माझ्यावर बोल ठेवला नाही, पण पुढचे चार-पाच दिवस ती दोन्ही मुलींना खळ्यावर घेऊन गेली. मी मागे एकटीच घरात असायचे. ते मला थपडेपेक्षा जास्त लागलं. पुढे तिनेच एका सकाळी धाकटीला आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “हिचं बोलनं तुमालाच कळतंय. मलाबी शिकवा.”