अपडेटचं बटण कुणाकडं

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नळदुर्गच्या आमच्या गटाची वेबसाइट बनवली. गट माझ्यासकट पाच बायकांचा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणारा. साइटवर मी पाचही जणींना ॲडमिन करून टाकलं. एकीला केलं आणि दुसरीला नाही, तर सहा महिने फुगलेली तोंडं मलाच बघावी लागली असती.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ऑर्डरचं पान कोरं दिसायला लागलं. कुणीतरी साइटच्या अपडेटचं बटण दाबलं होतं, हे उघड होतं. माझा पारा चढला. आदल्या दिवशी साइट उघडून बसलेलं मी एकीलाच पाहिलं होतं, आमच्या अध्यक्षा मावशींच्या सुनेला. काही बिघडवलंस तर घरी बसायचं, या बोलीवर मावशींनी तिला गटात घेतलं होतं. हे ठाऊक असूनही मी तिला सगळ्यांसमोर झापलं.

मावशी एवढंच म्हणाल्या, "मग उद्यापासनं घरीच ऱ्हा."

पोरीचा चेहरा उतरला. तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला आणि हळूच म्हणाली, "बाई, कुणी कवा काय केलं त्याची यादी असती इथं. एकदा बघता का?"

यादीत सगळ्यात वर माझंच नाव होतं. सकाळी चहाचं आधण ठेवलं असताना मीच ते दाबलं होतं आणि साफ विसरले होते. जन्मभर वह्या तपासलेल्या बाईला बटणावर लाल ठिपका दिसला की चैन पडत नाही, त्याला मी तरी काय करू?

"माझंच चुकलं गं," मी म्हणाले. लाजेनं कान गरम झाले होते. मावशी मात्र पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की आम्हीही हसत सुटलो. जेवणाच्या सुट्टीच्या आत सुनेनं साइटची आदल्या दिवशीची जपून ठेवलेली प्रत चढवली आणि पान परत दिसू लागलं.

मग मी सेटिंग शोधलं. अपडेटचं बटण कोणत्या ॲडमिनला दिसावं, हे त्यात ठरवता येत होतं. खरं सांगते, एवढं होऊनही ते माझ्याकडंच राहावं असं मला वाटत होतं.

मावशी म्हणाल्या, "पातेल्यात मीठ एकीनंच घालायचं असतंय, बाई. समद्यांनी घातलं की चटणी फेकायची पाळी. हिला द्या. ही आधी वाचती, मग हात लावती."

मी चौघींच्या नावापुढच्या खुणा काढल्या, पहिली माझी. बटण माझ्या डोळ्यांदेखत गेलं आणि मला चक्क हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सून माझ्याही आधी येऊन बसली होती. कधी उशीर न करणाऱ्या मावशी तासभर उशिरा आल्या, ओले हात पदराला पुसत.

"घरची भांडी आज म्या घासली," त्या म्हणाल्या. "तिच्याकडं लई जोखमीचं काम हाय."