पाटावर मांडलेला फोन

पन्नाशीत मी फार हुशार बाई होते. म्हणजे मला तसं वाटायचं, आणि दुसऱ्या कोणाला विचारायची माझी पद्धत नव्हती.

जानेफळात घराच्या पुढच्या खोलीत माझी दोन यंत्रं होती. एक मिरची-मसाल्याचं, एक चटण्यांचं. मेहकर, चिखली, बुलढाण्यापर्यंत माझी गिऱ्हाइकं. मागणी सगळी फोनवर यायची, म्हणून फोन कायम कमरेला खोचलेला. लोक मोठमोठे निरोप बोलून पाठवायचे. भाचीनं मला शिकवलं होतं की निरोप दुप्पट वेगानं ऐकता येतो. मग काय, सगळी गिऱ्हाइकं माझ्या कानात चिमण्यांसारखी चिवचिवू लागली. काय पाहिजे आणि किती, एवढं कळलं की माझं बोट पुढच्या निरोपावर.

पार्सल मी सकाळच्या बुलढाणा बसच्या डायवरजवळ द्यायची. गाडीच्या नंबरपाटीचा फोटो काढायचा आणि गिऱ्हाइकाला पाठवायचा, की ते स्टँडवर जाऊन ती गाडी शोधणार. वेळेवर कोणी आलं नाही, तर डायवर पिशवी स्टँडसमोरच्या चहावाल्याकडे ठेवून द्यायचा.

त्या वर्षीच्या खांडेनवमीला सकाळीच मी जवसाच्या चटणीचं एक पार्सल बसमध्ये दिलं, फोटो काढला आणि पूजेच्या घाईत घरी आले. खांडेनवमीला आमच्याकडे कामाची हत्यारं धुऊन मांडतात. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. विळे, कुऱ्हाड, यंत्रांची भांडी, सगळं मांडून झालं. शेजारच्या दोघी बघायला आल्या होत्या. त्या बघत होत्या म्हणूनच मला सुचलं असणार. मी कमरेचा फोन काढला, बंद केला आणि पाटावर मांडला.

सासूबाई म्हणाल्या, "याले बी सुट्टी हाय का वं?"

"हाव आत्याबाई. हेच आता माझं हत्यार. उद्यापर्यंत बंद."

आणि शेजारणींकडे बघत मी त्याच्यावर ओलं हळदकुंकू चांगलं बोटभर लावलं, वरून पाण्याचा शिंतोडाही दिला. काय तो थाट.

शेजारणी गेल्या आणि मी ओट्यावर बसले. दहा मिनिटांत दोनदा कमरेशी हात गेला. कितीतरी महिन्यांत मी अशी रिकामी बसले नव्हते. काही सुचेना, म्हणून मोरी साफ करायला गेले. सकाळी यंत्राचं भांडं तिथंच धुतलं होतं. जाळीवर शेंगदाण्याची लाल फोलपटं अडकली होती.

मी ती बोटानं गोळा केली. काल संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी केली होती. त्यानंतर जवसाची. मध्ये भांडं धुतलं नव्हतं, नुसतं फडक्यानं पुसलं होतं.

तेवढ्यात तो चिवचिवाट माझ्या डोक्यात आपोआप सावकाश वाजायला लागला. बुलढाण्याची बाई. जवसाची चटणी, अर्धा किलो. आणि पुढे, "काकू, मुलीला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. तिचा घसा सुजतो, श्वास बंद होतो. भांडं धुऊन घ्या हं, काकू." हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. कानात शिरलं होतं आणि तसंच पडून राहिलं होतं.

हातातली फोलपटं मी पदरात बांधली. कोणापासून लपवत होते, देव जाणे.

आता सांगते ते सांगायला लाज वाटते. फोन चार हातांवर होता. उचलायचा आणि तिला सांगायचं, एवढंच काम. पण मी उचलला नाही. मनाशी म्हटलं, पूजा झालेल्या वस्तूला हात कसा लावायचा? एरवी चतुर्थीला सगळ्यांच्या आधी जेवणारी बाई मी, त्या दिवशी एकदम सोवळी झाले. खरं कारण वेगळंच होतं. फोन केला तर कबूल करावं लागणार होतं. मग ती बाई चारजणींना सांगणार, आणि माझ्या चटणीचं नाव जाणार. मी मनात हिशेब लावला, थोड्या फोलपटांनी काय होतंय. एका जिवाच्या बाबतीत मी असा विचार केला. जवळजवळ तासभर मी खोलीत फेऱ्या मारल्या.

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काऊन अशी फिरून राह्यली? पोटात दुखते का?"

मी पदराची गाठ सोडून फोलपटं त्यांच्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वात खाली ठेवली.

"लेकरू केवढं हाय?"

"माहीत नाही."

"मंग फोन उचल ना वं."

"पूजा झाली ना आत्याबाई."

"देवाले काय करायचा हाय तुह्या फोनाचा? तो कोणाले लावणार हाय?"

मी फोन उचलला. बटण दाबून धरलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. चार्जिंगच्या भोकातून हळदीचं पिवळं पाणी माझ्या तळहातावर ओघळलं. ह्यांना मळ्यातून बोलावलं. त्यांच्या जुन्या डबड्या फोनात माझं ते इवलंसं सीम बसेना. तिचा नंबर, पत्ता, डायवरचा नंबर, सगळं त्या ओल्या फोनात. मला तिचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. तिच्या नावापुढे जास्वंदीच्या फुलाचा फोटो असायचा, तेवढी ओळख.

"बुलढाण्यात काय जास्वंद शोधत फिरतेस का?" हे म्हणाले. पण गाडीला किक मारून झाली होती.

मेहकरपर्यंत त्यांच्या मोटारसायकलवर गेले, तिथून बस. चिखली येईपर्यंत मी खिडकीची दांडी सोडली नाही. शेजारच्या बाईनं पेरू पुढे केला, मला मान हलवतासुद्धा आली नाही. जेवणाची वेळ होत आली होती. लेकरं शाळेतून येतात, आया ताटं करतात, बाजूला चमचाभर चटणी वाढतात. प्रत्येक थांब्यावर मला ते ताट दिसायचं. चिखलीला कंडक्टर चहा प्यायला उतरला, तेव्हा मी त्याला इतक्या शिव्या मनात दिल्या, की त्याला उचकी लागायला हवी होती.

बुलढाण्याच्या स्टँडवर उतरून धावत चहावाल्याकडे गेले. "जानेफळचं पार्सल?"

"आत्ताच नेलं ना मावशी, एका मॅडमनं. सकाळपासून दोन-तीनदा येऊन गेल्या. गाडीचा नंबरच आला नाही म्हणे त्यांना. येईल त्या गाडीत विचारत होत्या, शेवटी माझ्याकडे आल्या."

गाडीच्या पाटीचा फोटो मी काढला होता, पाठवलाच नव्हता. "कुठे गेल्या?"

त्यानं बाकांकडे बोट केलं. शेवटच्या बाकावर एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. शेजारी माझी पिशवी, तिचं तोंड उघडं. तिच्या पलीकडे सातआठ वर्षांची मुलगी, तिच्या हातात चकाकणारं पाकीट, आणि तोंड चालू होतं.

मी कशी पोचले, आठवत नाही. मुलीच्या हातातलं पाकीट हिसकावलं आणि ओरडले, "थुंक. थुंक आधी."

मुलगी घाबरून थुंकली. बिस्किट होतं.

"आई, ह्या आजीनं माझं बिस्किट घेतलं."

इतक्या भीतीतही मला आजी म्हटल्याचा राग आला. अशी मी. मग तिथंच फरशीवर बसले. पिशवीतलं चटणीचं पाकीट चाचपून पाहिलं. सील तसंच होतं.

बाई उभी राहिली होती, मुलीला पाठीमागे घेऊन. मी कोण ते सांगितलं. भांडं धुतलं नव्हतं, हेही सांगितलं. पदरात फोलपटं नव्हती, नाहीतर तीही दाखवली असती.

ती अगदी हळू म्हणाली, "काकू, मी तीनदा सांगितलं होतं. माझा निरोप ऐकला नव्हता का तुम्ही?"

"ऐकला होता."

"मग?"

"भरभर ऐकला."

तिनं चटणीचं पाकीट दोन बोटांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. ती रागावली असती तर मला सोसलं असतं. पण तिनं एवढ्या मोठ्या मुलीला उचलून कडेवर घेतलं.

"मागच्या वर्षी हिला तीन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही आलात, बरं केलं. पण आता मी तुमच्याकडून काही घेणार नाही, काकू."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या दोघी रस्ता ओलांडून गेल्या. मुलगी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. तिचं उरलेलं बिस्किट माझ्याच मुठीत राहिलं होतं, आणि हाक मारून ते परत द्यायचीही माझी हिंमत झाली नाही.